पेशंटला एक्स-रेला नेताना छातीची नळी क्लॅम्प करायची (चिमट्याने दाबून बंद करायची) की नाही?

नवीसिस्टर

नमस्कार. हाडांच्या वॉर्डातून नुकतीच छातीच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात बदली होऊन आले आहे. तिकडे ड्रेन म्हणजे व्हॅक्यूमचा छोटा डबा, भरला की मोजायचा, रिकामा करायचा, दाबून पुन्हा लावायचा. इथे बाटलीत पाणी, पाण्यात नळी, वर भिंतीचं सक्शन, आणि त्या बाटलीबद्दल जितकी माणसं तितकी मतं.

पेशंट साठीतले काका. डाव्या फुप्फुसाचा खालचा लोब (भाग) काढला आहे. नळी २८ फ्रेंच जाडीची, सक्शन उणे २० सेंमी पाण्याच्या दाबावर. सकाळच्या राउंडला सरांनी काकांना खोकायला लावलं तेव्हा चार बुडबुडे आले, एरवी नाही. संध्याकाळी एक्स-रेला न्यायचं होतं. रजिस्ट्रार म्हणाले, 'क्लॅम्प लाव आणि ने, वाटेत कटकट नको.' इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'क्लॅम्पला हात लावलास तर बघ.' मी इन्चार्जचं ऐकलं. क्लॅम्प न लावता, सक्शन सोडवून नेलं.

परत आल्यावर सक्शन जोडलं तर बाटलीत सतत बुडबुडे. श्वास घेताना, सोडताना, बोलताना, गप्प असताना, थांबायचं नावच नाही. काकांना धाप नाही, सॅच्युरेशन ९६, नाडी बीपी आधीसारखंच. सक्शन क्षणभर सोडलं की नळीतलं पाणी श्वासाबरोबर छान वरखाली होतं. ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, 'येतोच आहे, तोवर लीक कुठे आहे ते बघून ठेव.'

आता लीक 'बघायची' कशी? क्लॅम्पबद्दल नक्की काय खरं? आणि बुडबुडे वाढले म्हणजे काकांचं फुप्फुस बिघडलं असंच समजायचं का? जुन्याजाणत्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

पाण्याखालीनळी (वॉर्ड सिस्टर, छातीची शस्त्रक्रिया)

अगं, क्लॅम्प लावला नाहीस हे उत्तम. का ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी रजिस्ट्रारला तूच सांगू शकशील. 'इन्चार्ज रागावतात' हे कारण त्यांना पटत नाही.

सकाळी खोकल्यावर बुडबुडे आले होते, म्हणजे फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून थोडी हवा गळत होती आणि ती नळीवाटे बाहेर पडत होती. क्लॅम्प लावला की बाहेरची वाट बंद होते, गळती बंद होत नाही. प्रत्येक श्वासाला थोडी थोडी हवा छातीत साठते, फुप्फुस चेपतं, मग हृदय आणि मोठ्या शिरा पलीकडे ढकलल्या जातात, हृदयाकडे रक्त परत येईनासं होतं आणि बीपी कोसळतं. टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात तो हाच. आणि हे होणार कुठे? लिफ्टमध्ये, नाहीतर एक्स-रेच्या दाराबाहेर रांगेत. तिथे ना ऑक्सिजन हाताशी, ना माणसं.

शिवाय क्लॅम्पची गरजच नसते, कारण ते बाटलीतलं पाणी हीच झडप आहे. नळीचं टोक पाण्याखाली २ सेंमी असतं. आतल्या हवेला बाहेर पडायला २ सेंमी पाण्याइतका दाब पुरतो. उलट बाहेरची हवा आत शिरायची तर आधी छातीने पाण्याचा स्तंभ नळीतून वर खेचायला हवा. शांत श्वासात छातीच्या पोकळीतला दाब साधारण उणे ५ ते उणे ८ सेंमी असतो, त्यामुळे पाणी तेवढंच वर चढतं आणि उतरतं. तू जे वरखाली होताना बघितलंस ते हेच. पण माणसाने धापा टाकत जोरात श्वास ओढला की हा आकडा कितीतरी पट वाढतो, आणि बाटली छातीच्या बरोबरीने ठेवलेली असेल तर त्यातलं पाणी सरळ आत. म्हणून बाटली कायम छातीच्या खूप खाली, आणि उभी. स्ट्रेचरवर पेशंटच्या पायांमध्ये आडवी टाकलेली बाटली मला दिसली की माझा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. टोक पाण्याबाहेर आलं की झडप गेली, छाती थेट बाहेरच्या हवेला उघडी.

नेताना सक्शन 'बंद' करण्यातही एक मेख आहे. पुष्कळ जण भिंतीवरचा खटका बंद करतात आणि सक्शनची नळी बाटलीला तशीच ठेवतात. मग हवा बाहेर पडायचं तोंड बुजलेलं राहतं, म्हणजे क्लॅम्प न लावता क्लॅम्प लावल्यासारखंच. सक्शन काढायचं म्हणजे नळी बाटलीपासून उपसून काढायची आणि ते तोंड मोकळं सोडायचं. तू 'सोडवून नेलं' असं लिहिलं आहेस, म्हणजे बहुधा बरोबरच केलंस.

आता लीक. बाटलीकडे नको, आधी माणसाकडे बघायचं. धाप नाही, सॅच्युरेशन जागेवर, ते तू बघितलंस. गळ्याला, छातीला, काखेखाली बोटं दाबून बघ, कातडीखाली करकर लागते का. लागत असेल तर हवा मांसात शिरते आहे, आणि मग माझं बाकीचं वाचत बसू नकोस, डॉक्टरांना पळत बोलाव.

करकर नसेल तर ड्रेसिंगपासून खाली यायचं. ड्रेसिंगला कान लाव, फुसफुस ऐकू येते का? नळी टाक्यापाशी जिथे होती तिथेच आहे का? नळीला आतल्या बाजूने भोकं असतात. ती दोन-चार सेंमी बाहेर सरकली की शेवटचं भोक कातडीबाहेर येतं आणि सक्शन खोलीतली हवा ओढत बसतं. अशी सरकलेली नळी परत आत ढकलायची नाही, हे कायमचं लक्षात ठेव. बाहेर आलेला भाग निर्जंतुक राहिलेला नसतो. पुढचं डॉक्टर ठरवतील.

मग सांधा. छातीतली नळी आणि बाटलीकडे जाणारी लांब नळी जिथे जोडली आहे तिथला कनेक्टर. माझी पैज यावरच आहे, कारण बुडबुडे वाढले ते नेमके पेशंट हलवल्यानंतर. तिथे चिकटपट्टी गोल गोल गुंडाळून अख्खा सांधा झाकलेला असेल तर ती आधी काढ. आत सांधा अर्धा निसटलेला असतो आणि वरून पट्टी अगदी देखणी दिसते. पट्टी लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंनी लावायची, मध्ये कनेक्टर उघडा दिसला पाहिजे.

एवढं करून सापडलं नाही तर टोकांना रबर लावलेला क्लॅम्प घेऊन, डॉक्टर शेजारी उभे असताना, अगदी छातीजवळ काही सेकंदच लावायचा. बुडबुडे थांबले तर हवा क्लॅम्पच्या वरून येते आहे, म्हणजे फुप्फुसातून किंवा जखमेच्या कडेने. थांबले नाहीत तर गळती क्लॅम्पच्या खाली, नळीत, सांध्यात नाहीतर बाटलीच्या झाकणात. मग एकेक वीत खाली सरकायचं. जिथे क्लॅम्प लावल्यावर बुडबुडे थांबतात, त्याच्या नुकतंच वर छिद्र आहे. पूर्ण वेळ एक डोळा काकांच्या चेहऱ्यावर.

---

बरगडीचावरचाकाठ (थोरॅसिक सर्जन)

सिस्टरांनी सगळं सांगितलंच आहे. दोन-तीन अपवाद तेवढे जोडतो, नाहीतर 'क्लॅम्प कधीच नाही' हेही आंधळेपणाने पाळलं जातं.

एक, अख्खं फुप्फुस काढलेला पेशंट. त्या बाजूला फुगायला फुप्फुसच नसतं. तिथे नळी ठेवलीच तर बहुतेक सर्जन ती क्लॅम्प ठेवतात आणि दर तासाला थोडा वेळ उघडून बघतात. त्याला सक्शन लावायचं नाही म्हणजे नाही. छातीचा मध्यभाग रिकाम्या बाजूला ओढला जाऊन हृदय क्षणात बंद पडू शकतं. लोब काढलेला पेशंट आणि अख्खं फुप्फुस काढलेला पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर असतील तर पाटी मोठ्या अक्षरात लावा.

दोन, फार दिवसांचं साचलेलं पाणी काढताना. भसाभसा सगळं सोडलं तर दबून राहिलेलं फुप्फुस एकदम फुगतं आणि त्यातच पाणी भरतं. म्हणून लिटर-दीड लिटरला, किंवा त्याआधी खोकला सुरू झाला, छातीत दुखू लागलं, तर तिथेच थांबून नळी काही वेळ बंद ठेवतात. हवा गळत नसेल तर यात धोका नाही.

तीन, नळी काढण्याआधी शंका असेल तर काही तास क्लॅम्प लावून एक्स-रे बघतात. हा आमच्यातलाच वाद आहे. मी क्वचित करतो, आणि करतो तेव्हा काय झालं की क्लॅम्प ताबडतोब उघडायचा हे सिस्टरांना सांगून मगच जातो.

सक्शनबद्दल एक मत. लोबेक्टमीनंतर (लोब काढल्यावर) फुप्फुस पूर्ण फुगलेलं असेल तर उणे २० वर दिवसेंदिवस ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. बारीक छिद्र मिटायला बघतं आणि आपण ते ओढून उघडं ठेवतो. नुसत्या पाण्याच्या सीलवर (सक्शनशिवाय) पुष्कळ गळत्या आपोआप बंद होतात. पण सीलवर टाकल्यावर फुप्फुस खाली बसलं किंवा कातडीखाली हवा वाढली तर मात्र सक्शन परत लावावं लागतं. माझे काही सहकारी याच्या बरोबर उलट सांगतील.

---

नवीसिस्टर

सापडली! सांधाच होता. चिकटपट्टीचे थरावर थर, उलगडायला कात्री लागली. आत कनेक्टर निम्मा बाहेर आलेला. डॉक्टरांसमोर घट्ट बसवला आणि बुडबुडे तत्काळ थांबले. काकांना खोकायला सांगितलं, सकाळसारखेच चार आले. काका मला विचारतात, 'म्हणजे गळत होतं ते मी का बाटली?' बाटली, म्हटलं.

सक्शन बंद करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून उठून बघून आले. तोंड मोकळं होतं.

अजून थोडं विचारते. पहिल्या दिवशी नळीत गुठळी दिसली म्हणून एकाने दोन्ही हातांनी नळी ओरपून काढली, दुसऱ्याने तसं करू नको म्हणून सांगितलं. आणि रोजच्या मापात नेमकं काय बघायचं? मी आकडा लिहिते, पण त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

---

पाण्याखालीनळी

काकांना माझा नमस्कार सांग.

ओरपणं बंद. एका हाताने नळी वर चिमटीत धरून दुसऱ्या हाताने खाली ओढत नेली की आत क्षणभर उणे शेकडो सेंमीचा दाब तयार होतो. आपण सक्शन २० वर लावायला इतकं जपतो आणि हाताने हे करतो! नाजूक फुप्फुस भोकात ओढलं जाऊ शकतं, आणि उपयोग होतो असंही कुठे सिद्ध झालेलं नाही. गुठळी दिसलीच तर तेवढाच भाग बोटांनी हलका दाबून सोडायचा, तोही डॉक्टरांनी सांगितलं तर. त्यापेक्षा नळीचा झोळ बघ. लांब नळी पलंगाच्या कडेवरून खाली लोंबते, तिथे वळणात रक्त साठतं. तो साठा म्हणजे दुसरी पाण्याची सील, पण नको तिथे. त्याच्यापलीकडे काही उतरत नाही आणि तू चार्टवर लिहितेस, 'ड्रेन कमी झाला.' झोळ उचलून रिकामा केलास तर एका दमात दोनशे मिली बाटलीत येतात आणि सगळ्यांची धावपळ. म्हणून नळी गादीवर सरळ पसरायची, मग सरळ खाली बाटलीत.

आता माप. बाटलीत आधी घातलेलं पाणी वजा करायला विसरू नकोस. बाटलीवर पट्टी लावून पातळीपाशी तारीख आणि वेळ घाल. एकच बाटली असेल तर अजून एक गोष्ट: रक्त साठत गेलं की पातळी वाढते आणि नळीचं टोक २ ऐवजी ८-१० सेंमी खाली बुडतं. मग तेवढा दाब ओलांडल्याशिवाय हवा बाहेर पडत नाही. म्हणून ती वेळेवर बदलायची. दोन-तीन कप्प्यांच्या डब्यात हा त्रास नाही, रक्त वेगळ्या कप्प्यात जातं.

आकड्यापेक्षा आकड्याची चाल बघ. गडद लालचं गुलाबी, गुलाबीचं पिवळसर होत जावं. शस्त्रक्रियेच्या दिवशी तासाला २०० मिली आणि तेही ओळीने दोन-तीन तास, तर पेशंट परत थिएटरमध्ये जाण्याच्या वाटेवर आहे असं समज. (अपघातातल्या पेशंटला नळी घालताक्षणी दीड लिटर रक्त आलं तरी तेच.) आणि भरपूर येणारं रक्त एकाएकी थांबलं, तर आनंद मानू नकोस. आधी नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतं आहे का बघ. हलत नसेल आणि नाडी वाढते आहे, तर नळी गुठळीने बुजली आहे आणि रक्त आत साठतं आहे. मला सगळ्यात भीती या कोरड्या बाटलीची वाटते. वाहत्या बाटलीला सगळेच घाबरतात.

हालचाल थांबण्याचं चांगलं कारणही असतं, फुप्फुस पूर्ण फुगून नळीच्या भोकांना टेकलेलं असणं. फरक नुसत्या बाटलीवरून कळत नाही. पेशंट बघ, स्टेथोस्कोप लाव, एक्स-रे होऊ दे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हालचाल उलटी दिसते, आत श्वास जाताना पाणी खाली. त्याने गोंधळू नकोस.

काका जेवायला लागल्यावर ड्रेन दुधासारखा पांढरा झाला तर बाटली ओतून टाकू नकोस. नमुना ठेव आणि डॉक्टरांना दाखव. चरबी वाहून नेणारी नळी दुखावली असेल तर असं होतं. नमुन्यात ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर आलं की निदान जवळपास पक्कं.

---

फुंकर (फिजिओथेरपिस्ट)

मध्येच तोंड घालते. सगळे बाटलीभोवती उभे आहात, काकांना पलंगावरून खाली कोण उतरवणार? छातीत नळी असलेला पेशंट झोपून राहतो, कारण बरगड्यांमधली नस दुखते. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा तळ बसतो, आणि मग ड्रेन कितीही नीट असला तरी ताप येतो. माझ्या वेळेच्या अर्धा तास आधी वेदनाशामक द्या, एवढीच विनंती. खोकताना उशी नळीच्या बाजूला दाबून धरायला शिकवा. बाटली कमरेच्या खाली धरून चालवता येतं. खांदा मात्र विसरू नका, नळीच्या बाजूचा हात माणूस हलवेनासा होतो आणि आठवड्यात खांदा आखडतो.

---

बरगडीचावरचाकाठ

फुंकरताई बरोबर बोलल्या. वेदनाशामकाची वेळ आमच्या हातात आहे आणि आम्हीच ती चुकवतो.

विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास, कारण रजिस्ट्रारांना तो कामाला येतो. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाउने पाण्याखालची ही बंद सील १८७५ मध्ये वापरली आणि १८९१ मध्ये त्यावर लिहिलं. तरीही पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती घाईघाईने उघडून पू काढला जात होता. फुप्फुस अजून छातीच्या भिंतीला चिकटलेलं नसायचं, बाहेरची हवा आत शिरायची, फुप्फुस बसायचं. मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता. एव्हर्ट्‌स ग्रॅहम हे सर्जन ज्या एम्पायमा (छातीतला पू) कमिशनवर होते त्याने सांगितलं, सुरुवातीला छाती उघडी करू नका, बंद पद्धतीने पू काढा. मृत्युदर ५ टक्क्यांच्या आत आला. औषधं तीच होती, प्रतिजैविकं तर नव्हतीच. पाण्याबाहेर आलेल्या टोकावर सिस्टर ओरडतात त्यामागे हे सगळं आहे.

---

नवीसिस्टर

हे कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटचं विचारते. नळी काढायची कधी हे कोण कसं ठरवतं? काढताना श्वास आत धरायला सांगायचा की बाहेर सोडून? आणि क्लॅम्प लावायचाच नाही, तर प्रत्येक खाटेपाशी दोन क्लॅम्प का लटकवलेले असतात?

---

बरगडीचावरचाकाठ

हवा गळत नाही, खोकल्यावरही नाही. एक्स-रेत फुप्फुस फुगलेलं. ड्रेन पातळ, पिवळसर, चोवीस तासांत साधारण २०० मिलीच्या आत. यातला शेवटचा आकडा प्रत्येक युनिटचा वेगळा. काही जण ४०० च्या पुढेही काढतात आणि पेशंट लवकर घरी जातो. रक्त, पू किंवा दुधाळ द्रव नसेल तर मीही आता २०० वर अडून बसत नाही.

श्वास पूर्ण आत घेऊन धरला काय किंवा पूर्ण सोडून थांबवला काय, तुलना केल्यावर फारसा फरक दिसलेला नाही. फक्त काढताना पेशंटने अचानक श्वास आत ओढता कामा नये. म्हणून आधी दोनदा सराव करून घ्यायचा. एक जण नळी एका झटक्यात काढतो, दुसरा त्याच क्षणी आधी घालून ठेवलेला टाका ओढून गाठ मारतो. गाठ मारणाऱ्याचे हात ओले नसावेत. नंतर एक्स-रे.

---

पाण्याखालीनळी

क्लॅम्प कशाला? बाटली बदलताना काही सेकंदांसाठी, आणि वर सांगितलं तसं छिद्र शोधायला. पण सांधा निखळून नळ्या वेगळ्या झाल्या, किंवा बाटली फुटली, तर आपला हात सवयीने क्लॅम्पकडेच जातो. जाऊ देऊ नकोस. म्हणून मी प्रत्येक खाटेशी निर्जंतुक सलाइनची सीलबंद बाटली आणि कात्री ठेवते. नळीचं टोक त्या सलाइनमध्ये दोन-तीन सेंमी बुडवायचं, बाटली खाली धरायची, काकांना खोकायला सांगायचं म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर येते, आणि मग शांतपणे नवीन सेट मागवायचा. अख्खी नळीच छातीतून निघाली तर हातमोजा घातलेल्या हाताने जखम दाबायची आणि ओरडून माणसं बोलवायची. ड्रेसिंग लावायचं तर गॉझची तीनच बाजू चिकटवायची, चौथी मोकळी, म्हणजे आतली हवा निघू शकते.

तुझ्या खाटांशी सलाइनची बाटली आहे का, ते आज ड्यूटी संपायच्या आत बघ. नसेल तर इन्चार्जला सांग. त्या रागावणार नाहीत.